मुराळ्याची गाडी

इंदिरानगरच्या बोगद्याजवळ द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहू लागल्या की माझा उजवा पाय अस्वस्थ होतो. वाचणाऱ्याला हसू येईल, पण हा ऋतू मला आधी पायातच कळतो. सकाळी निघताना अंगात स्वेटर असतो, दुपारी तोच शेजारच्या सीटवर चुरगळून पडलेला असतो. हातगाडीवर वर्तमानपत्र अंथरून घड मांडलेले असतात. मण्यांवर धुक्यासारखा पांढुरका थर असतो, बोट लावलं की पुसला जाणारा. पुढचा सिग्नल लाल आहे हे मला लांबूनच दिसतं. मी ब्रेक दाबत नाही, नुसता पाय उचलतो. गाडी आपली आपण मंदावत, रेंगाळत, बरोबर हातगाडीशेजारी येऊन थांबते. मागचा हॉर्न वाजवत असतो. थेंबभर पेट्रोलही वाया गेलेलं नसतं.

हे सगळं मी सोडलं आहे, असं मी घरी सांगितलंय. पाय ऐकत नाही.

"घ्या ना साहेब, निफाडचा माल आहे. साखर आहे साखर," हातगाडीवाला खिडकीशी घड धरतो.

मी मान हलवतो. आमच्याकडे द्राक्षं विकत आणायची रीत नाही. ती विंचूरच्या अलीकडून, ताईच्या बागेतून येतात. वानवळा म्हणून. शेतात आलेलं चांगलंचुंगलं आधी आपल्या माणसांच्या घरी पोचवायचं, तो वानवळा. यंदा हातगाड्या लागून बरेच दिवस झाले. ताईचा फोन आलेला नाही. मी मोबाइल समोर काचेपाशी ठेवतो, सिग्नल सुटेपर्यंत त्याच्याकडे बघतो, आणि सिग्नल सुटल्यावरही पाय हळूच, अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवतो.

गाडी लहान आहे, जुनी आहे. रंग कधीकाळी चंदेरी होता. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा घेतली. मुलगी आता पुण्यात नोकरी करते आणि गाडी अजून माझ्याकडेच आहे. मागच्या सीटवर तिच्या शाईच्या पेनाचा एक मोठा निळा डाग आहे. त्या डागावरून त्या दिवशी मी तिला किती बोललो होतो! आता तो डाग तसाच राहावा असं वाटतं. माणसाच्या वाटण्याला काही धरबंध नसतो.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी काम करतो तिथं मोटारींचे सुटे भाग बनतात, आणि माझं काम त्या भागांचं वजन कमी करण्याचं. एखादं ब्रॅकेट, एखादं झाकण हातात घ्यायचं, उलटसुलट करून बघायचं आणि स्वतःलाच विचारायचं, यातलं काय नसलं तरी चालेल? इथं एक भोक पाडा. इथली कड बारीक करा. भाग हलका होतो, तरी मोडत नाही. त्यातलं सुख ज्यानं ते काम केलं नाही त्याला समजावता येणार नाही. मी त्या सुखावर वर्षानुवर्षं जगलो. मग गेल्या वर्षीच्या द्राक्षांआधी, थंडी सुरू होताना, आमच्या विभागाचं मोठं काम दुसऱ्या गावी गेलं. नोकरी राहिली, टेबल राहिलं, चहाही वेळेवर येत राहिला. फक्त टेबलावर काही येईना. मी दिवसभर खिडकीतून खालच्या पार्किंगकडे बघत बसायचो. तिथं माझी गाडी उभी असायची. एक दिवस तिच्याकडे बघता बघता तोच जुना प्रश्न मनात उमटला. यातलं काय नसलं तरी चालेल?

आधी छतावरचं कॅरियर गेलं, वाऱ्याला अडतं म्हणून. मग डिकी रिकामी झाली: जॅक, पाने, पाण्याचा कॅन, सहलीची सतरंजी, मंजूची छत्री.

"आणि स्टेपनी?" मंजूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, गॅलरीत टेकवून ठेवलेल्या चाकाकडे बघत विचारलं. "पंक्चर झाली तर?"

"अंबडच्या रस्त्यावर पंक्चरवाल्यांना काय तोटा?"

"आणि आपण अंबडच्या बाहेर गेलो तर?"

मी हवेचा पंप घेऊन खाली गेलो. या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं.

टायरमध्ये हवा जरा चढी ठेवू लागलो. पुढच्या जाळीचा निम्मा भाग प्लास्टिकच्या पत्र्यानं बंद केला, म्हणजे वारा आत शिरून अडकत नाही. तसलाच पत्रा कापून गाडीच्या पोटाखाली सपाट झाकण बसवलं. एसीचा पट्टा उतरवला. गाडीच्या अंगावरून वारा कसा वाहतो ते कळावं म्हणून मंजूच्या विणकामातल्या केशरी लोकरीचे बोटभर धागे गाडीभर चिकटवले, आणि आमच्या गॅरेजवाल्या बंटीला स्कूटरवरून शेजारून यायला सांगितलं. कोणते धागे सरळ उडतात आणि कोणते फडफडतात ते बघायला. सोसायटीतले एक आजोबा फाटकात थांबून ती केशरी धाग्यांची गाडी न्याहाळत म्हणाले, "कुठला नवस?"

बंटी तर हसून हसून लाल झाला. "काका, माझं ऐका. इंजिनपण काढून ठेवा. एकदम शून्य खर्च!"

पण स्टिअरिंगखाली मी एक छोटा मीटर जोडला होता. गाडी त्या क्षणाला किती ॲव्हरेज देते ते त्यावर दिसायचं, आणि तो आकडा चढत होता. जी गाडी अठराच्या वर कधी गेली नव्हती ती बाविसावर आली. पैशांचं म्हणाल तर तेवढ्यात महिन्याला एकदा बाहेर जेवण झालं असतं, आणि आम्ही बाहेर जेवायलाही जात नव्हतो. पैशांसाठी नव्हतंच ते. दिवसभर ज्याच्या हातून काही घडत नाही अशा माणसाला संध्याकाळी कुणीतरी सांगतं आहे की आज तू कालच्यापेक्षा बरा. त्या हिरव्या आकड्याशिवाय मला तेव्हा तसं सांगणारं कुणी नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

आता आठवतो तो सगळा मोसम एका बंद काचेआडचा आहे. काच उघडली की वारा आत येतो, गाडी अडते, म्हणून काचा वर. दुपारी आत भट्टी व्हायची. मंजू पदरानं वारा घेत बसायची. काही बोलायला लागली की मी हात वर करायचो, कारण पुढं चढ असायचा आणि चढाआधी लय चुकवून चालत नाही. प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत फाटकापर्यंत आणायचो. बंद होताना ही जुनी गाडी एक मोठा हिसका देते, माणसाला उचकी लागावी तसा. त्या हिसक्याची मला सवय झाली. मंजू मात्र दर वेळी दचकायची.

एकदा चांदोरीच्या पुढं कांद्यानं भरलेल्या एका ट्रकच्या अगदी मागं गाडी लावली होती. मोठ्या गाडीच्या मागं वाऱ्याचा आडोसा मिळतो. आकडा एकदम तिसावर गेला. कांद्याची वाळकी टरफलं उडून काचेवर येत होती, लाल-जांभळी, पातळ, क्षणभर चिकटून पुन्हा उडणारी. मला ते दृश्य सुंदर वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मग शेजारून मंजूचा आवाज आला, अगदी शांत.

"त्यानं ब्रेक मारला तर?"

मी पाय उचलला. ट्रक पुढं गेला. घर येईपर्यंत ती बाजूच्या खिडकीबाहेर बघत बसली आणि मी, परमेश्वर क्षमा करो, मीटरकडे बघत राहिलो.

मागची सीट त्यानंतर निघाली. मुलगी पुण्याला, मागं बसतं कोण? चार बोल्ट सोडवले, बंटीनं एका बाजूनं धरलं, आणि सीट आमच्या गॅलरीत येऊन पडली. भिंतीला टेकवली की बसायलाही बरी. गाडीत मागं नुसता पत्रा राहिला. दार लावलं की आवाज घुमायचा, रिकाम्या पिंपात खडा टाकल्यासारखा. मला तो आवाजही आवडला होता.

माझ्या ताईबद्दल आता सांगायला हवं. मी ते इतका वेळ टाळतो आहे.

ताई माझ्याहून बरीच मोठी. मला कडेवर घेऊन ती शाळेत जायची, आणि शेवटी शाळा माझ्यामुळेच सुटली तिची. पुढं विंचूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर तिचं लग्न झालं. द्राक्षांची बाग, थोडे कांदे. आई-वडील गेल्यापासून माझं घर हेच तिचं माहेर. बागेची तोडणी संपली की उन्हाळी छाटणी सुरू व्हायच्या आत ती चार दिवस नाशिकला येते. वर्षातले तेवढेच चार दिवस ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. गॅलरीत सकाळचं ऊन खात बसते, मंजूच्या हातचा चहा पुन्हा पुन्हा मागते. तिला आणायला मीच जायचं. माहेरवाशिणीला न्यायला जो येतो तो मुराळी. शहरात आता हा शब्दही कुणी उच्चारत नाही. पण ताई वस्तीवर सगळ्यांना सांगते, "उद्या माझा मुराळी यायचाय." इतक्या वर्षांच्या संसारानंतर, सुना-जावयांच्या वयाला आल्यावर, एवढ्या एका शब्दासाठी तिचा चेहरा पोरीसारखा होतो.

गेल्या वर्षी मी मुराळी म्हणून निघालो तो मागची सीट नसलेली गाडी घेऊन.

विसरलो असं मी पुष्कळदा म्हणून पाहिलं. ते खरं नाही. ओढा गावाच्या आसपास शेजारी बसलेल्या मंजूनंच विचारलं होतं, "ताई कुठं बसतील हो?" आणि माझ्या मनात जे आलं ते असं: तोडणी लांबली असेल, तर यंदा ती यायची नाही. मी तशी आशा धरली. परत फिरून सीट बसवायला फार तर तासभर लागला असता. मी ॲव्हरेज बघत पुढं गेलो.

विंचूरच्या बाजूचा रस्ता त्या दिवसांत कांद्याच्या ट्रॅक्टरांनी भरलेला असतो. त्यांच्या मागं मागं गेलं की नाकातोंडात तो उग्र गोडसर वास बसतो. वस्तीवर पोचलो तेव्हा तोडणी संपली होती. बाग रिकामी, हिरवी, जरा उदास दिसत होती. सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी आपल्या गावी परत निघाली होती. एका पिकअपमध्ये हंडे, चुली, गोधड्या, कोंबड्यांची डाली आणि माणसं, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. तरी एक बाई वरून कुणालातरी हात देत होती, "ये वर, होईल जागा."

ताई ओट्यावर तयार होऊन बसली होती. ठेवणीतलं हिरवं पातळ, तोंडाला थोडी पावडर, मांडीवर रेक्झिनची पिशवी. शेजारच्या दोन बायका तिला वाटेला लावायला आल्या होत्या. मी उतरायच्या आत ती उठली, गाडीशी आली आणि सवयीनं मागचं दार उघडलं.

दाराचा तो पिंपासारखा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ताई आत बघत राहिली. मग हसली. "काय रं बापू, बसायचं कुठं?"

"ताई, सीटचं कव्हर बदलायला दिलंय," मी म्हणालो. इतकं सहज, की मलाच आश्चर्य वाटलं.

"मग काय झालं? एक पोतं टाकते अन् बसते खाली. ते बघ, पिकअपमधी कशे बसलेत!"

"छे, छे. भलतंच काय? ब्रेक मारला म्हणजे? धरायलाही काही नाही." मी अगदी काळजीनं बोललो. काळजी खरीच होती. माझ्या सगळ्या खोट्याला त्या एका खऱ्या काळजीचा आडोसा मिळाला.

"मी एसटीनं येते. ताई, तुम्ही पुढं बसा," मंजू उतरायला लागली.

"नको गं. तू कुठं हिंडतीस उन्हाची."

"पुढच्या रविवारी येतो ना," मी म्हणालो. "सीट बसवून येतो. सहा-सात दिवसांचा तर प्रश्न."

ताईनं शेजारणींकडे पाहिलं नाही. पिशवी ओट्यावर ठेवली. मग पदर खोचला आणि दाजींना, तिच्या नवऱ्याला, हाक मारली, "अहो, क्रेट आणा. सीट नाय ते बरंच झालं, जास्तीचा माल बसंल." आणि खरोखर, जिथं ती बसायची तिथं तिनं द्राक्षांचे क्रेट रचले, वर कांद्याची गोणी, बाजरीचं गाठोडं, दुधी. एकेक नीट, हलू नये असं, चिंध्या लावून. परत येताना गाडी मागून दबलेली होती आणि आकडा खाली खाली जात होता. मला त्या आकड्याची चीड आली. एवढं मी मंजूलाही अजून सांगितलेलं नाही. घरी माल उतरवताना लक्षात आलं, ताईच्या वजनापेक्षा जास्त वजन मी ताईच्याच घरून घेऊन आलो होतो.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. कारखान्यात कुणीतरी पाहणीला येणार होतं. त्याच्या पुढच्या रविवारी बंटी गावाला गेला होता, जणू चार बोल्ट बसवायला बंटीच लागतो. मग बागेची छाटणी सुरू झाली, आणि फोनवर ताईच म्हणाली, "राहू दे आता, पुढच्या वर्षी बघू." आवाज नेहमीचाच होता. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या आठवड्यात गाडीनं चोवीसचा आकडा दाखवला. मी तो मंजूला दाखवायला घरात गेलो. ती द्राक्षांचं शेवटचं पातेलं धूत होती. "छान," ती म्हणाली, पाठमोरीच.

भाऊबीजेला ताई आली. एसटीनं, एकटी. मी आणायला येतो म्हणालो होतो, तर म्हणाली, "कशाला? गाडी दारातून जाती." ओवाळणं झालं, जेवण झालं. मग ती सवयीनं गॅलरीत उन्हाला गेली. मी मागोमाग धावलो, पण उशीर झाला होता. ताई सीटवर बसली होती. आमच्या गाडीच्या सीटवर. हातानं कापड चाचपत होती. तिचं बोट त्या निळ्या डागावरून फिरलं.

"तसाच हाय की," ती म्हणाली.

कव्हर बदललेलं नव्हतं. कधी बदलायला दिलंच नव्हतं. मी दारात उभा. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यात राग असता तर बरं झालं असतं. मंजूनं चहा आणून दिला. ताईनं तो पूर्ण प्यायला, "मऊ हाय, चांगली हाय बसायला," म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. राहा म्हणालो तर म्हणाली, "नको रं, म्हशीची धार हाय."

त्या थंडीत मी सीट पुन्हा गाडीत बसवली. मीटर काढला, बंटीला देऊन टाकला. जाळीवरचा पत्रा काढला, स्टेपनी जागेवर गेली. पोटाखालचं झाकण मात्र अजून आहे. ते दिसत नाही म्हणून राहिलंय, की मला अजून ते हवंय, कुणास ठाऊक. चारपैकी एक बोल्ट सापडला नाही. सगळी गॅलरी पालथी घातली. तेवढ्या मापाचा दुसरा मिळेना, म्हणून डावीकडचा कोपरा मोकळाच राहिला. खड्ड्यात गाडी गेली की तो कोपरा कुरकुरतो. मीटर जाऊनही माझं थांबलं नाही. पूर्वी आकडा दिसायचा, आता मी तो कानानं ऐकतो, तळव्यानं चाचपतो. आणि मागून ती कुरकुर.

आणि मग हातगाड्या लागल्या. मी फोनची वाट बघू लागलो. अंघोळीला जाताना फोन बाहेर मोठ्या आवाजावर. कारखान्यात टेबलावर उघडा. ताईचं नाव झळकलं की काय म्हणून दहादा बघायचं. दुपारची ऊब वाढत होती, म्हणजे तिकडे मण्यांत गोडी उतरली असेल, कात्र्या चालू झाल्या असतील. एक रविवार गेला. दुसराही जायला आला. सकाळी चहा घेताना मी म्हणालो, "ताई रागावलीय. यंदा बोलावतसुद्धा नाही."

मंजूनं कप खाली ठेवला. "मुराळ्याला कुणी बोलावतं का हो?"

एवढंच म्हणाली आणि साडी बदलायला आत गेली. आम्ही न कळवता निघालो.

तोडणी संपत आली होती. ताई शेडमध्ये बसली होती, मांडीवर घड आणि हातात छोटी कात्री, फुटके मणी एकेक छाटत. घरातलंच पातळ, डोक्याला फडकं. तिनं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. कात्री थांबली नाही.

"आलास व्हय? बस. मंजू, बस गं. चहा टाकते."

"ताई, न्यायला आलोय."

"यंदा नाय जमायचं. काम हाय."

दाजी क्रेटवर बसून तंबाखू मळत होते. "अगं, मुराळी रिकामा धाडला तर लोकं हसतील की."

"गेल्या साली हसलीच की," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. कात्रीनं एक मणी खाली पाडला, मग दुसरा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या ऐतवारी पिशवी भरून बसले होते मी, बापू. दिवस मावळेपर्यंत. हे म्हणाले फोन लाव. मी म्हणलं, वाटंत असंल."

मला वाटायचं, माझं खोटं गॅलरीत उघडं पडलं. खोटं तर लहान होतं. ती ओट्यावर बसली होती, आणि दर गाडीच्या आवाजाला मान वर करत असेल, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी मनात कधी येऊ दिलं नव्हतं. मी खाली बसलो. तिच्या शेजारी आणखी एक कात्री पडली होती. मी एक घड उचलला. मला ते काम येत नाही. चांगलेच मणी छाटले गेले असावेत, कारण थोड्या वेळानं ताईनं माझ्या हातातून घड काढून घेतला.

"राहू दे. नासधूस करशील."

मग ती उठली. शेडच्या बाहेर उभ्या असलेल्या गाडीपाशी गेली, मागचं दार उघडलं. या वेळी आवाज घुमला नाही. तिनं तळहातानं सीट दाबून पाहिली. आत बसली, जरा हलून पाहिलं. डावा कोपरा कुरकुरला.

"हलतीय ही."

"एक बोल्ट हरवलाय, ताई. कुठं शोधलं तरी मिळत नाही."

ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर, समोर बघत. बागेत कात्र्यांचा आवाज चालू होता. मग ताई म्हणाली, "मग मी ह्याच कोपऱ्यात बसते. दाबून ठेवते." आणि उतरून घरात गेली. परत आली तेव्हा अंगावर तेच हिरवं पातळ होतं. पिशवी दाजींनी आणली. क्रेट डिकीत गेले, एक तिच्या शेजारी सीटवर.

"गाडी जड होईल हां," तिनं टोमणा मारला.

"होऊ दे," मी म्हणालो.

निफाड यायच्या आत तिला झोप लागली. सकाळपासून वाकून बसलेलं अंग, मान काचेला टेकली. तो कोपरा सगळ्या वाटेत एकदाही वाजला नाही. मला खड्डे लांबूनच दिसत होते, ट्रॅक्टर लांबूनच दिसत होते. मी ब्रेक दाबत नव्हतो, नुसता पाय उचलत होतो. चढाआधी हळूच वेग, वळणाआधी हळूच सोडणं. हे सगळं मला येतं. पूर्ण एक मोसम मी दुसरं शिकलोच काय होतो? मंजूनं माझ्याकडे पाहिलं. मी आरशाकडे बोट केलं. आरशात ताईची मान हलली नव्हती. चांदोरीजवळ वारा यावा म्हणून मी काच उघडली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. इथं इंजिन बंद करायचं, ही पायाची, हाताची, सगळ्या अंगाची सवय. हात किल्लीपर्यंत गेलासुद्धा. मग तो हिसका आठवला.

मी हात काढून घेतला. फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली गाडी उभी केली. मंजू आवाज न करता उतरली, वर चहा टाकायला गेली. वॉचमननं फाटक उघडून धरलं. मी हातानंच त्याला नको म्हणालो. ऊन उतरत होतं. गाडीत द्राक्षांचा वास भरला होता. मागं ताई तोंड थोडं उघडं टाकून झोपली होती, एक हात क्रेटवर, जणू तो पडू नये म्हणून. इंजिन चालू होतं. गाडी जागच्या जागी उभी राहून पेट्रोल जाळत होती, आणि ती जागी होऊन "आलं का रं माहेर?" विचारेपर्यंत मी ते जळू दिलं.